गुरूच्या अक्षरांतली चिठ्ठी

लाल झालेल्या पाट्यावर घण पडला की फारसा आवाज होत नाही. ओल्या मातीवर पोतं टाकावं तसा दबका, धप् असा येतो. पाटा निवत जाईल तसा तो आवाज वर चढतो आणि शेवटी खणखणायला लागतो. तसा खणखणला की दारजी घण खाली ठेवायचे. “पुत्तर, पाटा बोलायला लागला की मारायचं नाही,” म्हणायचे. थंड पाट्यावर जोर केला तर तडा जातो, आणि तो तडा कारखान्यात दिसत नाही, घाटात दिसतो. दारजी म्हणजे माझे वडील. धुळ्याच्या बाहेर आग्रा रोडला लागून आमचा ट्रकच्या कमानींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, एक ऐरण आणि मागे राहायच्या दोन खोल्या. कमानीतले मोडलेले पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्या, बदलायचे, बसलेले पाटे तापवून त्यांना पुन्हा बाक द्यायचा, एवढंच काम. पण मुंबईहून आग्र्यापर्यंतचे ड्रायव्हर ‘धुळ्याच्या सरदाराकडचा पाटा’ म्हणून नाव काढायचे. ते ऐकताना तेव्हाही माझी मान ताठ व्हायची आणि आज हे लिहितानाही होते. पुढे जे लिहायचं आहे त्यात माझी मान खाली आहे, म्हणून आधी हे लिहून घेतो.

घरात आम्ही पंजाबी बोलायचो, शाळेत मराठी, आणि कारखान्यात अहिराणी. दारजींची अहिराणी ऐकायला सोनगीरचे, शिंदखेड्याचे शेतकरी उगाच थांबायचे. एवढा सहा फुटी, दाढी बांधलेला माणूस “काय भाऊ, कथा जाई ऱ्हायनात?” असं, कुठे निघालात म्हणून, विचारतो याची त्यांना गंमत वाटायची. कुणी खोडसाळपणे, “दारजी, बारा वाजनात ना?” असं विचारलं की सगळे मान खाली घालून हसायचे. दारजी शांतपणे म्हणायचे, “वाजनात ना. जेवाले ये.” आणि खरोखर त्याला पानावर बसवायचे. एकदा जेवलेला माणूस पुन्हा तो विनोद करत नसे. माझ्या आईला, बीजीला, इथे सरसों मिळत नव्हती, म्हणून ती पोकळ्याच्या भाजीचं साग घोटायची आणि त्यासोबत मक्याऐवजी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असायची. ही भाकरी तिला शिकवली होती सुभद्राअक्काने.

सुभद्राअक्का आमच्या मागच्या अंगाला राहायची. घरचं शेत दिरांकडे, तिच्याकडे तीन म्हशी आणि एकुलता मुलगा भिका. नवरा लवकर गेला होता. भिका माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. अकराव्या-बाराव्या वर्षापासून तो आमच्याकडे कामाला यायचा, दारजींना दारजीच म्हणायचा, आणि भाता ओढताना माझ्याइतकीच बोलणी खायचा. अक्का आमच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला यायची ती भरीत करायला. तिची वांगी भाजून होईपर्यंत बाकीच्या बायका चुलीजवळ फिरकत नसत. सकाळी दारजींची पगडी बांधायची असे तेव्हा मी एक टोक धरायचो. सहा वार कापड दोघांनी दोन टोकांनी ताणून, घडी घालून, एकसारखं करावं लागतं. एकट्याला ते जमत नाही. मी शाळेला निघालेलो असलो तर ते टोक भिकाच्या हातात जायचं. तो हसत म्हणायचा, “दारजी, अर्धा सरदार ते मी बी शे.”

आणि गुरुमुखी. संध्याकाळी बीजी भाकऱ्या टाकायची तेव्हा दारजी मला पाटीवर गुरुमुखी शिकवायचे. गुरूच्या मुखातून निघाली म्हणून गुरुमुखी. ती अक्षरं असलेला कपटा जरी जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावायचा, ही आमच्या घरातली पहिली शिकवण. कुठलाही कागद लिहायला घेतला की वर आधी इक ओंकार, देव एकच आहे हे सांगणारं चिन्ह, काढायचं. धुळ्यात ही लिपी वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याएवढी. मला तेव्हा त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमानच माझ्या हातून काय करवून गेला ते आता सांगतो.

ज्या वर्षी दिल्लीत सरदारांची घरं जळली, त्या वर्षी आमच्या गावात कुणाचं रक्त सांडलं नाही. कारखान्याच्या पाटीवर दोन दगड आले तेवढेच. पण देवपूरहून घरी येताना पांझरेच्या पुलावर चार-पाच मुलांनी मला अडवलं, पटका ओढला आणि केस सोडून मला तसाच उभा केला. कुणी मारलं नाही. हसले फक्त. मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो. पुलाच्या पलीकडच्या टोकाला सायकल धरून भिका उभा होता. तो जागचा हलला नाही. ती मुलं गेल्यावर तो आला, धुळीतला पटका उचलला, झटकला, माझ्या हातात दिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानंतर मी त्याच्याशी बोलायचो, पण कामापुरतं. घरी मी काही सांगितलं नाही. गप्प बसणं मला फार लवकर जमलं.

पुढे दोनेक वर्षांनी पंजाबातून माझा मावसभाऊ महिनाभर राहायला आला. त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली एक कॅसेट होती. दारजी माल आणायला गेले की आम्ही ती ऐकायचो. एक माणूस खड्या आवाजात बोलायचा, आणि त्याच्या बोलण्यात सारखं एक वाक्य यायचं, दहाव्या गुरूंचं: सगळे उपाय खुंटले की तलवार उचलणं योग्यच असतं. तो ते असं म्हणायचा की मला पुलावरची ती मुलं दिसायची, आणि सायकल धरून उभा असलेला भिका. मावसभाऊ परत गेला, कॅसेटही गेली. वाक्य माझ्यापाशी राहिलं. तेव्हा मी अकरावीत होतो. पंजाबात गाड्या अडवून, नावं विचारून माणसं मारल्याच्या बातम्या येत होत्या. दारजी त्या ऐकून जेवणावरून उठायचे. मी मात्र उठत नव्हतो. हे मी पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे: मला त्या बातम्यांनी आतून कुठेतरी बरं वाटायचं.

भिका तोवर ड्रायव्हर झाला होता. जळगावच्या एका केळीवाल्याच्या गाडीवर लागला होता, आणि त्याला पहिल्यांदाच पंजाबची फेरी मिळाली. सावद्याला केळी भरायची आणि थेट लुधियाना गाठायचं. ज्या दिवशी तो निघणार होता त्या दुपारी अक्का दुधाची किटली घेऊन आली. दारजी गावात गेले होते, बीजी आत झोपली होती. अक्काने किटली ठेवली आणि गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. बाजारात तिने पंजाबबद्दल काय काय ऐकलं होतं. मग म्हणाली, “जसवंता, तुमनी लिपीमा एक चिठ्ठी लिखी दे. हाऊ आमना शे, इतलंच लिख. वाटमा कोनी आडं उनं तं भिका दखाडी.”

तिला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. पण आमची लिपी गुरूची, आणि ती बघितल्यावर गुरूचा माणूस हात उचलणार नाही, एवढं तिने आपल्या मनाशी ठरवलं होतं. मी वहीतला कागद फाडला. ती शेजारी बसून बघत होती. वर सवयीने इक ओंकार काढलं. खाली लिहायचं होतं, एह साडा है. हा आपला आहे. मी लिहिलं, एह साडा नहीं. हा आपला नाही. तीनच शब्द, पण अक्षर वळणदार काढलं. कागद पुढे केला तेव्हा अक्का म्हणाली, “कितलं गोड अक्षर शे रे तुनं.” तिने त्याची चौपदरी घडी केली, लाल कापडात शिवली, आणि तासाभराने भिकाच्या दंडाला बांधली. जाताना भिका हॉर्न वाजवून गेला. मी आतूनच ऐकला.

ते लिहिताना माझ्या मनात नक्की काय होतं, असं मी स्वतःला गेली पस्तीस वर्षं विचारतो आहे. त्याला कुणी मारावं असं होतं का? मला वाटतं, मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. पण हे म्हणजे घण मारणाऱ्याने पाट्याचा विचार केला नव्हता म्हणण्यासारखं आहे. मला माहीत होतं तो कागद कुणाच्या हातात जाऊ शकतो. मला माहीत होतं, आणि मी लिहिलं.

संध्याकाळच्या बातम्यांत आलं की पंजाबात पुन्हा एक बस अडवली. उतारूंना खाली उतरवलं, नावं विचारली, वेगळं काढलं. बीजीने तोंडावर पदर धरला. दारजींनी रेडिओ बंद केला. मग कुणाकडे न बघता म्हणाले, “एह साडे नहीं.” हे आपले नाहीत. ज्यांनी मारलं त्यांच्याबद्दल म्हणाले. माझेच शब्द होते, आणि मी ते कुणाबद्दल वापरले होते.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. सकाळी दारजी पाठ आटोपून भट्टी पेटवत होते तेव्हा मी त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. त्यांनी वळून बघितलं नाही. म्हणाले, काय लिहिलंस ते जसंच्या तसं म्हण. मी म्हटलं. वर काय काढलंस, असं विचारलं. तेही सांगितलं. तेव्हा ते ऐरणीवर बसले. ऐरणीवर बसायचं नसतं. आम्हाला लहानपणी तिला पाय लागला तरी नमस्कार करायला लावायचे. ते बसले.

मी घाबरून कॅसेटमधलं वाक्य म्हटलं. सगळे उपाय खुंटले की तलवार योग्य, असं गुरूंनीच म्हटलंय, असं काहीतरी. मला वाटलं होतं ते हात उगारतील. त्यांनी फार हळू आवाजात उत्तर दिलं, पंजाबीत, आणि ते मला शब्दनशब्द आठवतं. “म्हटलंय. पण ‘सगळे उपाय’ म्हटलंय ना? तू किती केलेस? गुरूंनी शत्रूच्या शपथेवर विश्वास ठेवून किल्ला सोडला. चार मुलं गेली. त्यानंतर ते वाक्य लिहिलं. तू तेच पहिल्या पानावर आणून ठेवलंस.” मी म्हणालो, भिका पुलावर उभा होता. मग पुलावरचं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याचं दिसलं. मग विचारलं, पटका कुणी उचलून दिला? मी म्हणालो, भिकाने. “आणि किती दिवसांनी त्याला विचारलंस, की का रे थांबलास?” विचारलंच नव्हतं. ते म्हणाले, “त्याच्या हातात काही नव्हतं. त्याच्या आईने तुझ्यापुढे हात पसरला होता. पसरलेल्या हातावर वार करायला कुठल्या गुरूने सांगितलं?”

मग ते उठले आणि पेटलेल्या भट्टीवर बादली ओतली. माझ्या आठवणीत पेटती भट्टी त्यांनी एकदाच विझवली, तेव्हा. कारखानाभर वाफ झाली. त्या वाफेतून त्यांचा आवाज आला, “अजून उपाय बाकी आहे.” आत जाऊन त्यांनी पगडीचं कापड काढलं. मी सवयीने टोक धरायला पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बीजीला हाक मारून टोक तिच्या हातात दिलं.

बीजी त्यांना अडवेल असं मला वाटलं होतं. दिल्लीनंतर दारजी शिरपूरच्या पुढे उत्तरेला गेले नव्हते. रस्त्यात सरदार दिसला की काय होतं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. इकडून जाताना दारजी सरदार म्हणून भीती आणि तिकडे पोचल्यावर भिका सरदार नाही म्हणून भीती, असा तो प्रवास होता. बीजीने कापड ताणून धरलं, घडी घातली आणि एवढंच विचारलं, पोळ्या किती बांधू. ते म्हणाले, “दोघांच्या बांध.”

ते एसटीने जळगावला आणि तिथून सावद्याला गेले. केळीचे घड अजून गाडीत चढत होते. पुढचं मला भिकाने सांगितलं, ते परत आल्यावर. दारजी एकदम समोर दिसल्यावर तो चक्रावला. दारजींनी आधी त्याला फेरी सोड म्हणून सांगितलं. भिका म्हणाला, केळी भरून होत आली, आता नाही म्हटलं तर पुन्हा कोण स्टेअरिंग देईल? तेव्हा दारजी म्हणाले, मग दंडाचं ते दाखव. लाल कापड उसवून त्यांनी कागद काढला, वाचला. वरचा इक ओंकारचा तुकडा अलगद फाडून, कपाळाला लावून, खिशात ठेवला. खालचा तुकडा तोंडात टाकला आणि चावून गिळला. भिका सांगताना हसत सुटला होता, “जसवंता, दारजींनी कागद खादा रे. मी म्हटलं, भूक लागनी का?” दारजींनी त्याला सांगितलं की लिहिण्यात चूक झाली होती. रिकामं कापड पुन्हा शिवून त्याच्या दंडाला बांधलं. आणि दार उघडून केबिनमध्ये त्याच्या शेजारी चढून बसले. म्हणाले, माले बी गाव देखनं शे, भू दिन व्हयनात. पंजाबातलं गाव बघून फार दिवस झाले म्हणे.

अक्काने शब्द मागितला होता, आणि माझा शब्द खोटा निघाला. त्या खोट्या शब्दाच्या जागी दारजी स्वतः जाऊन बसले. मला धर्माचं फार काही कळतं असं नाही. पण लोक मला विचारतात. पुढे मी बँकेत नोकरीला असताना साहेब लोक जेवणाच्या सुट्टीत विचारायचे, की तुमच्या धर्मात तलवार आहे, मग पंजाबातल्या त्या मुलांनी केलं ते धर्माला धरूनच ना? मी दारजींचं नाव न घेता उत्तर देतो. तलवारीला जागा आहे. पण ती जागा फार अरुंद आहे, आणि तिथून दुसऱ्याला पुढे ढकलून जाता येत नाही. आधी स्वतः जावं लागतं. जो नाव विचारून निःशस्त्र माणसाला रांगेतून वेगळा काढतो, तो त्या जागेच्या आसपासही पोचलेला नसतो. मीही पोचलो नव्हतो. गुरूंनी पुढे सोडलेल्या त्या किल्ल्याच्या लढाईत जखमी शत्रूला पाणी पाजणाऱ्या शिखाची गोष्ट मला पाठ होती. त्याच्यावर तक्रार गेली तेव्हा गुरूंनी त्याला शाबासकी दिली आणि वर मलमाची डबीही दिली. मी ती गोष्ट शाळेत निबंधात लिहून बक्षीस मिळवलं होतं.

ते तेरा दिवस मी भट्टी सांभाळली. ड्रायव्हर लोक येता-जाता निरोप देत होते. अमुक ढाब्यावर दिसले, ग्वाल्हेर सोडलं, दिल्ली सोडली. दिल्लीनंतर निरोप थांबले. अक्का रोज दुपारी भाकरी आणि ठेचा आणून द्यायची, कारण बीजीचं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. माझ्यासमोर बसून मी जेवेपर्यंत उठत नसे. एकदा म्हणाली, “तुना दारजी संगे शेत ना, मंग आते माले झोप येस.” मी घास गिळला. तेव्हा सांगता आलं असतं. भट्टी थंड होती, जवळ कुणी नव्हतं. मी पाणी मागितलं.

चौदाव्या दिवशी गाडी आली. दारजी उतरले, त्यांनी आधी अक्काला हाक मारली, “अक्का, तुना पोऱ्या लयना,” आणि मग आंघोळीला गेले. त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. भिकाने मात्र ऐरणीजवळ उभं राहून, हातवारे करत, दहा माणसांना सांगितलं. लुधियान्याच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर, दिवस कलता असताना, दोन पोरं आडवी आली. पोरंच, जसवंतापेक्षा थोडी मोठी. अंगावर चादरी, चादरीखाली बंदुका. एकाने भिकाला नाव विचारलं. भिकाने खाली उतरायला दार उघडलं, तोवर दारजी दुसऱ्या बाजूने उतरून त्याच्यापुढे उभे. पोराने विचारलं, हा कोण. दारजी म्हणाले, साडा मुंडा है. आपला मुलगा आहे. पोरगं हसलं, म्हणालं, मग याचे केस कुठे गेले? दारजी म्हणाले, “त्याच्या वाट्याचे मी राखलेत.”

दुसऱ्या पोराने बंदूक वर केली. भिका म्हणत होता की दारजींचा हात कमरेच्या किरपाणीकडे गेला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्यांनी दोन्ही हात मोकळे सोडले होते. म्हणाले, “ही मी तुमच्यावर काढणार नाही. तुम्हीही माझेच आहात. याला हात लावायचा तर आधी मला संपवा, आणि मग घरी जाऊन गुरूपुढे अरदास करा. जमली तर मला खोटा म्हणा.” मग त्या पहिल्या पोराने गाडीत काय आहे विचारलं. केळी, भिका म्हणाला. पोराने विचारलं, पिकलेली आहेत का. नाहीत, चार दिवस लागतील. तरी त्यांनी दोन फण्या घेतल्या आणि ती कालव्याच्या कडेने निघून गेली. “दोन फण्यावर सुटनूत,” भिका म्हणाला, आणि सगळे हसले. मग हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला की पुढच्या ढाब्यावर दारजींना चहाचा ग्लास धरता येत नव्हता. त्याने बशीत ओतून त्यांच्या तोंडाला लावला.

त्यानंतरच्या रविवारी मी गुरुद्वाऱ्यात उभा राहिलो. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामामागची ती एक लांबट खोली होती, पन्नास-साठ माणसं बसायची. आमच्यात ज्याच्या हातून मोठी चूक होते त्याने संगतीपुढे, म्हणजे जमलेल्या लोकांपुढे, हात जोडून ती सांगायची, आणि संगतीतल्या पाच जणांनी ठरवलेली सेवा करायची. मी सगळं सांगितलं, पंजाबीत. कागद, तीन शब्द, वरचं इक ओंकार. कुणी ओरडलं नाही. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने एवढंच विचारलं, अक्षरं कुणी शिकवली. मी मागे बसलेल्या दारजींकडे बघितलं. ते उठून माझ्या शेजारी हात जोडून उभे राहिले. त्या क्षणी मला लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, हे विचित्र वाटेल, फार मोठा अभिमान वाटला. अजून वाटतो. पाच जणांनी मला चाळीस दिवस जोडे पुसायची सेवा दिली. दारजींना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तेही चाळीस दिवस माझ्या बाजूला बसून जोडे पुसत होते. एक्केचाळिसाव्या सकाळी त्यांनी पगडीचं टोक माझ्याकडे फेकलं. मी ताणून धरलं.

पण त्या चाळीस दिवसांत गुरूंच्या जयंतीचं गुरुपूरब आलं होतं, आणि अक्का भरीत करायला आली होती. तिने दाराशी चपला काढल्या. मी त्या उचलल्या, धूळ झटकली, फडक्याने पुसल्या. ती थबकली. “मन्या चपला कसाले पुसस रे जसवंता? लोके काय म्हनतीन?” मी म्हणालो, सेवा आहे, अक्का. तिने माझ्या पटक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. दारजी शेजारीच होते. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, संगतीला सांगितलंस, ते झालं. अक्काला तू सांगायचंस. मी सांगणार नाही, आणि तुला आठवणही करून देणार नाही. त्यांनी दोन्ही शब्द पाळले. ते गेले तेव्हा अक्का बीजीजवळ बारा दिवस बसून होती. त्यानंतरही ती सात-आठ वर्षं होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, सरदारनी चिठ्ठीनी मना पोऱ्या वाचाडा. मी समोर असलो तर माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. मी ज्या भाषेत गुन्हा केला त्याच भाषेत कबुली दिली होती. ती भाषा अक्काला येत नव्हती, आणि हे मला चांगलं सोयीचं होतं.

मागच्या हिवाळ्यात मी देवपूरला भिकाच्या घरी गेलो. आता त्याला सगळे नाना म्हणतात. गुडघे गेलेत, स्टेअरिंग सुटून दहा वर्षं झाली. ओट्यावर ऊन खात बसला होता. मी त्याला सांगितलं. मराठीत सुरुवात केली आणि मधेच कधी अहिराणीवर आलो ते कळलं नाही. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “मायले सांगं व्हतं का?” मी नाही म्हणालो. “मंग माले कसाले सांगी ऱ्हायना? तुनं वझं हलकं व्हवाले?” खरं उत्तर ‘हो’ असं होतं.

तो भिंतीला धरून उठला. मला वाटलं आत निघून जाईल, आणि मीही जायला उठलो. त्याने आत तोंड करून सुनेला हाक मारली, नातीला हाक मारली. त्या हात पुसत बाहेर आल्या. “बठा,” म्हणाला, “हाऊ काका काय सांगस ते ऐका.” आणि माझ्याकडे वळून, “सांग. पहिलेपाईन. काही गाळू नको.” मी पुन्हा सांगितलं. अक्काची किटली, तिचा पदर, ‘कितलं गोड अक्षर’ हे सुद्धा. सुनेने मान दुसरीकडे वळवली. नात बारा-तेरा वर्षांची. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. सगळं झाल्यावर तिने मला नाही, आजोबांना विचारलं, “चिठ्ठी तर यांनी लिहिली होती. मग दारजी का गेले?”

भिकाचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हते. मग म्हणाला, “दारजी सिख व्हतात म्हनीसन.”

मी चपला पायात घालायला लागलो. तो म्हणाला, “कथा निंघना? संध्याकाळे मोठा पोऱ्या येई, त्याले बी सांगनं शे. मंग धाकल्याले.” सुनेला त्याने आणखी एकाचं पीठ मळायला सांगितलं.

मी थांबलो.